कळंबच्या फाट्यावरचा फ्लेक्स

तात्या, ऋतुजाचा पहिला व्हिसा तुझ्या बोलण्यामुळं नाकारला गेला नव्हता. हे मला आज कळलंय असं नाही. ज्या दिवशी भरल्या मांडवात मी ते बोललो, त्या दिवशीही मला माहीत होतं. मी बारामतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. कशामुळं काय घडतं, हे पोरांना सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली. आणि तरी सख्ख्या थोरल्या भावाला मी चारचौघांत म्हणालो, की ह्याच्या तोंडातून वाकडं निघालं म्हणून माझ्या पोरीचं काम बिघडलं.

भेटायला येणारे विचारतात, वय किती होतं, काय दुखणं होतं, शेवटी कोण जवळ होतं. ते सगळं सांगून झालं. सांगताना मला कळत होतं, की हे मी त्यांना सांगतोय आणि तुझ्याशी बोलायचं ते तसंच राहिलंय.

फ्लेक्सपासून सांगतो.

ऋतुजा पुण्याला शेतकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. जर्मनीतल्या विद्यापीठाचा होकार आला तेव्हा ती सुट्टीला घरी होती. ओट्याला टेकून फोनवर वाचत होती आणि वाचता वाचता खाली बसली. पुढं शिकायचा विषय क्षारपड जमिनीचा. आपल्या नीरेकाठची, पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली रानं पुन्हा कशी पिकवायची, त्याचा. सुनीतानं लेकीच्या तोंडात साखर घातली. ऋतुजा म्हणाली, "पप्पा, व्हिसा हातात येईपर्यंत कुणाला सांगू नका. खरंच नका." मी म्हटलं, मी कशाला सांगतोय. आणि संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसलो.

आपल्याकडं फ्लेक्स कशाकशाचा लागतो ते तुला काय सांगू. वाढदिवसाचा लागतो, सोसायटीवर निवडून आल्याचा लागतो, पोरगं पोलीस भरतीत निघालं की लागतो, शर्यतीत पहिला आला तर बैलाचाही लागतो. मला वाटलं, आपल्या घरातली पहिली पोर समुद्रापार चालली, मग तिचाच का नको? त्यावर विमान छापलं, तिरंगा छापला, जर्मनीचा झेंडा छापला. तो झेंडा बेल्जियमचा निघाला, हे ऋतुजानं नंतर दाखवलं. खाली शुभेच्छुकांमध्ये पहिला फोटो तुझा, एसटीच्या खाकी कपड्यांतला, आणि शेजारी माझा. तुला विचारलंसुद्धा नव्हतं. कळंबच्या फाट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असा तो चढवला.

मग सत्कार. गावच्या सभामंडपात फेटा, शाल, नारळ. ऋतुजा फेटा सावरत हसत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. सगळ्यांची भाषणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, चुलत्यानं दोन शब्द बोलावेत. तू माइक हातात घेतलाच नाहीस. जागेवरूनच म्हणालास, "पोरगी हुशारच हाय आमची. व्हिसा येऊ द्या, मग बोलतो."

लोक हसले. मला ते झोंबलं. खरं तर झोंबायचं काही कारण नव्हतं. तू आयुष्यभर तसाच बोलायचास. एसटी चालवत होतास तेव्हा प्रवासी विचारायचे, ड्रायव्हरसाहेब, इंदापूर किती वाजता यील? तू म्हणायचास, "गाडी चालू हाय." त्यापुढं एक शब्द नाही. वाटेत टायर बसतो, पूल पाण्याखाली जातो, कारखान्याच्या बैलगाड्या आडव्या येतात. गाडी थांब्याला लागल्याशिवाय पोचलो म्हणायला तुझी जीभच वळायची नाही. इतकी वर्षं हे ऐकत आलेला मी, त्या दिवशी मात्र मला त्यात खोट दिसली. का, तर माझ्या डोक्यावरही एक फेटा होता.

व्हिसा नाकारला गेला. कारण एवढंच दिलं होतं, की हाच अभ्यास करायला तिकडंच का यायचं, हे अर्जदाराला नीट सांगता आलं नाही. ऋतुजा रडली नाही. म्हणाली, "पप्पा, आता तो फ्लेक्स तरी काढा." मी हो म्हणालो. पण काढायला जायचं म्हणजे फाट्यावर शिडी लावून चढायचं, आणि हॉटेलात बसलेले लोक विचारणार, का हो सर? मला ते होईना. कळंबला यायचं तर मी दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून यायला लागलो. मग एक दिवस फाट्यावरून जावंच लागलं, तर तो तिथं नव्हता. वाऱ्यानं गेला असेल, नाहीतर कुणी पोरांनी गोठ्याला नेला असेल, असं म्हणून मी सुटलो.

आणि त्याच महिन्यात चुलत भावाच्या पोराचा साखरपुडा. पंगतीत आपण दोघं शेजारी बसलो होतो. वाढणाऱ्या एकानं बुंदी टाकता टाकता विचारलं, "काय सर, पोरगी उडाली का अजून धावपट्टीवरच हाय?" पंगत हसली. तूही जरासा हसलास, मला वाटतं माझी बाजू हलकी करायला. आणि मी म्हणालो, अगदी शांतपणे म्हणालो, तेच मला अजून छळतं,

"उडेल कशी? आमच्या तात्यानं सुरुवातीलाच तोंड घातलं ना. ह्याच्या तोंडाला यशच नाही. स्वतःला लेकरू असतं तर कुठं काय बोलावं ते कळलं असतं."

वहिनी बाळंतपणात गेली, बाळासकट, हे त्या पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला सगळ्यात जास्त. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात तुझ्याशेजारी मीच उभा होतो.

तू पानातलं सगळं संपवलंस, कारण पानात टाकून उठायची तुला सवय नव्हती. हात धुतलास, टोपी झटकलीस आणि मला म्हणालास, "येतो रं बापू." येतो म्हणालास, पण आमच्या घरी त्यानंतर आला नाहीस.

असं लिहिलं की वाटतं तू रुसलास. तू रुसलासुद्धा नाहीस, तात्या. रुसला असतास तर मनवायला तरी आलो असतो. तू दर गुरुवारी पूर्वीसारखाच बारामतीच्या बाजाराला येत राहिलास. फक्त आधी आत येऊन चहा घ्यायचास, ते बंद केलंस आणि वांगी, घेवडा, मेथी, असेल ते पिशवीत घालून पिशवी फाटकाच्या कडीला अडकवून जायला लागलास. मी कॉलेजातून आलो की पिशवी लटकलेली असायची. ती काढून मी आत न्यायचो. सुनीता भाजी निवडायची आणि मी रिकामी पिशवी घडी घालून ठेवायचो.

पूर्वी मी बारामतीला शिकायला होतो तेव्हा डबाही असाच यायचा. तू नुकताच एसटीत लागला होतास. आईचा डबा इंजिनाजवळ ठेवून आणायचास, म्हणून भाकरी गरम असायची आणि आमटीला डिझेलचा वास. स्टँडवर उतरून तू मला म्हणायचास, "खा आधी, मग सांग काय शिकलास ते." मी सांगायचो आणि तू ऐकायचास. तुला त्यातलं कळत होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. त्या डब्यावर मी शिकलो, आणि तुलाच मी लेकरावरून बोललो.

ऋतुजानं पुन्हा प्रयत्न करायचं ठरवलं, ते मला सांगितलं नाही. आईला सांगितलं आणि तुला. त्या वर्षभरात ती पुण्याहून थेट कळंबला यायची, हेही मला नंतर कळलं. मला वाटायचं तिचा पुण्यात जर्मन भाषेचा क्लास चालू आहे, म्हणून ती घरी येत नाही. क्लास चालूच होता. पण रविवारी ती तुझ्याकडं असायची.

आता ती फोनवर मला सगळं सांगते. सांगताना हसते. तुम्ही दोघं आपल्या खालच्या पांढऱ्या पडलेल्या तुकड्यात जाऊन बसायचात. तू व्हिसाचा साहेब व्हायचास. बांधावर नीट बसायचास, टोपी काढून मांडीवर ठेवायचास आणि विचारायचास, "बोला. कशाला जायाचं तिकडं?" ती तयार केलेलं उत्तर म्हणून दाखवायची. तू म्हणायचास, "ह्ये तू पाठ केलंय. आमी गाडीत सूचना पाठ म्हणायचो तसं वाटतंय. मला सांग, कशाला जायाचं?" ती पुन्हा सांगायची. तू पुन्हा तेच विचारायचास. एकदा ती चिडून म्हणाली, "तात्या, हा तुकडा तुम्ही किती वर्षं पेरताय आणि काय उगवतंय, म्हणून जायचंय!" तेव्हा तू टोपी डोक्यावर घातलीस आणि म्हणालास, "जा. दिला व्हिसा."

मुलाखतीत तिनं त्याच तुकड्याबद्दल सांगितलं म्हणे.

तिनं तुला विचारलं होतं, तात्या, तुम्हाला जर्मनमधलं एक वाक्य शिकवते, कुठलं पाहिजे? तू म्हणालास, गाडी चालू हाय, ह्याला काय म्हणत्यात? मग तू रानात म्हशीमागं फिरताना म्हणत राहायचास, "डेर बूस फेर्ट." म्हैस मान वर करून बघायची. हे ऐकून मी खूप हसलो, आणि मग मला आठवलं की हे मी बघितलेलं नाही. माझ्या मुलीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष आपल्याच रानात घडलं, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि मी तिथं नव्हतो. मला बोलवायची तिला भीती वाटत होती. मी गावाला सांगेन याची भीती, आणि त्याहून जास्त, मी तुझ्यासमोर काय बोलेन याची.

व्हिसा आला तो तिनं पासपोर्ट उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. मी पहिला प्रश्न काय विचारावा? "कुणाकुणाला माहीत होतं?" सुनीता म्हणाली, "तात्यांना. त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

ऋतुजानं अट घातली, की मुंबईच्या विमानतळावर सोडायला गाडी तात्याच चालवणार. तू आलास. फाटकाशी गाडी लावलीस आणि सामान भरेपर्यंत बाहेरच उभा राहिलास. सुनीतानं दहीसाखर बाहेर आणली, आधी ऋतुजाच्या हातावर ठेवली, मग तुझ्या. मी पुढं तुझ्याशेजारी बसलो, कारण मागं बॅगा होत्या. अख्ख्या वाटेत तू मागच्या दोघींशी बोललास. मला फक्त दोनदा काच वर घ्यायला सांगितलीस.

विमानतळाच्या दारात ऋतुजा तुझ्या पाया पडली. तू तिला उठवून जर्मनमधलं तुझं वाक्य म्हणालास आणि ती रडता रडता हसली. मग माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "पप्पा, परत जाताना तात्यांशी बोला. मला वचन द्या." मी दिलं.

परतीच्या वाटेवर सुनीता मागं झोपली. घाट उतरला, पुणं मागं पडलं. मी मनात वाक्य जुळवत होतो. तात्या, त्या दिवशी मी. तात्या, खरं म्हणजे. पुढं काही येईना. शेवटी मी काय विचारलं, "किती वाजता पोचू आपण?" तू रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, "गाडी चालू हाय."

भिगवणला चहाला थांबलो. उन्हं कलली होती. टपरीसमोर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, दहा-बारा डोकी आणि मध्ये एक गॉगलवाला. तू बशीत चहा ओतलास, त्या फ्लेक्सकडं बघितलंस, आणि म्हणालास, "बापू, आता लाव की फ्लेक्स."

तू दार उघडलं होतंस. इतक्या सहज, की मी फक्त आत यायचं होतं. त्या क्षणी मी तुझा हात धरला असता, माझं चुकलं तात्या, एवढंच म्हणालो असतो, तर तू म्हणाला असतास, चल, चा निवला. आणि संपलं असतं. मी हसलो. "आता कशाला," म्हणालो. चहाचे पैसे द्यायला उठलो, ते बोलायचं टाळायला.

मला वाटलं, वेळ आहे. ती नाताळात येईल, तेव्हा तिच्यासमोर बोलू. तू बाजाराला येशील तेव्हा फाटकाशी गाठू. पुढचे काही गुरुवार पिशवी येत राहिली. एका गुरुवारी मी मुद्दाम सुट्टी काढून घरी थांबलो. फाटकाची कडी वाजली. खिडकीतून तुझी पाठ दिसली. तू पिशवी अडकवलीस, पेरूच्या झाडाकडं जरा बघत उभा राहिलास. मी चप्पल शोधत राहिलो, तात्या. अनवाणी यायला काय झालं होतं मला?

पुढच्या गुरुवारी सकाळी मी वर्गात होतो आणि कळंबहून फोन आला. तू गोठ्यातच बसल्या जागी गेलास. धारेची चरवी शेजारी होती, सांडली नव्हती. बाजाराची पिशवी भरून खुंटीला लावलेली होती.

ऋतुजाला मीच फोन केला. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही बोलला होता ना त्यांच्याशी?"

मी म्हणालो, "हो."

दोन दिवसांनी भावकीतली पोरं आली. सर, भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स करतोय, तात्यांचा फोटो द्या. मी नको म्हणालो. त्यांना वाटलं मी दुःखात आहे. तोवर एकानं गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवरचं पांढरं झाकण ओढलं, आलेल्या लोकांना सावली करायला. ते उलटं झालं आणि ऋतुजा हसताना दिसली. विमान, बेल्जियमचा झेंडा आणि खाली आपण दोघं शेजारी. माझा फोटो उन्हानं उडाला होता, तुझा थोडा शाबूत होता.

पोरांपैकी एक म्हणाला, "ह्यो तात्यांनीच काढलेला, सर. व्हिसा नाकारल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटं शिडी घेऊन गेल्ते. मी शिडी धरली हुती. म्हणले, पोरगी ह्या वाटंनं येती, तिला दिसाया नको." छापील बाजू आत करून तू तो कडब्यावर घातला होतास, म्हणजे कुणालाच दिसायला नको. म्हणजे पंगतीत मी ते बोललो, तेव्हा तुझ्या कडब्यावर तो फ्लेक्स होता. माझं काम तू आधीच करून बसला होतास आणि बुंदी खात माझं ऐकून घेत होतास.

दशक्रियेला नीरेच्या घाटावर बरीच माणसं आली. तुझे एसटीतले सोबती आले, पंगतीतले झाडून सगळे आले. मी मनात एक ठरवून आलो होतो. कावळा शिवणार नाही, तात्याचं माझ्यात अडकलेलं असणार, मग मी पिंडासमोर हात जोडून माफी मागेन आणि तेव्हा शिवेल. पिंड ठेवून भटजी मागं सरकले न सरकले, तोच कावळा आला आणि शिवून गेला. लोक म्हणाले, समाधानी माणूस.

तू माझ्यासाठी थांबलाच नव्हतास. तुझं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. आजवर कशानं रडलो नव्हतो, त्यानं रडलो. अडलं होतं ते फक्त माझं.

मग भाषणं झाली. सगळ्यात शेवटी घरच्यांनी आभार मानायचे असतात, म्हणून माइक माझ्या हातात दिला. सुनीतानं फोन उंच धरला होता, त्यात ऋतुजाचा चेहरा. समोर ती सगळी पंगत बसली होती. मी आभार मानले नाहीत. मी म्हणालो,

"साखरपुड्याच्या पंगतीत मी तात्याला अपशकुनी म्हणालो होतो. त्याला लेकरू नाही, असंही म्हणालो. तुम्ही ऐकलं होतं, म्हणून आज तुमच्यासमोरच सांगतो. ते खोटं होतं, आणि बोलतानाही मला माहीत होतं. ऋतुजा, तुला मी हो म्हणालो, तेही खोटं. मी त्याच्याशी बोललो नव्हतो. तात्या, तुझ्यामुळं काही बिघडलं नाही रे. जे जमलं ते तुझ्यामुळं जमलं. माझं चुकलं. मला माफ कर."